आईची आई, तिची आई

कोणी नवं माणूस भेटलं की आमच्या सासूबाई दोन प्रश्न विचारतातच: गाव कुठलं आणि आडनाव काय. जर्मनीत, रेगेन्सबर्गला आल्यावर ही सवय सुटेल असं मला वाटलं होतं. पण २०१४च्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या जिन्यात त्यांना एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळाला टिकली आणि अंगात मोठ्या फुलांचा झगा. सासूबाईंनी लगेच हिंदीत गाव विचारलं. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद. सासूबाई म्हणाल्या, ते नव्हे, त्याच्या आधीचं. बाई हसल्या.

"त्याच्या आधी जहाज," त्या म्हणाल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट राहायची, तिच्या या आई. ही शेजारीण त्रिनिदादहून शिकायला म्हणून आली, एका जर्मन माणसाशी लग्न केलं, मग मोडलं, आणि ती इथेच राहिली. मूलबाळ नव्हतं. तिची आई दर उन्हाळ्यात यायची. आमच्या लेकीनं त्यांना काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांनीच सोडवला: आईची आई ती नानी, बापाची आई ती आजी. "आजी तुझ्याकडे आहे, मग मी नानी." आजी हा शब्द समुद्रापलीकडे शंभर वर्षं टिकला म्हणून सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आडनाव विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नानी ताटभर पोळ्या घेऊन खाली आल्या. सासूबाईंनी एक मोडून पाहिली, आत पुरण. तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण पुरण तिखट होतं, जिरं-मिरचीचं. डाळपुरी म्हणतात तिकडे. पुरणात गूळ नाही म्हणजे काय, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या आणि दोन्ही दिवस खात होत्या. मग दोघींची बाल्कनीत बैठकच जमली. एकीची शाळेतली इंग्रजी, दुसरीची भजनातली हिंदी, आणि जिथे दोन्ही संपायच्या तिथे हातवारे. मी ऑफिसचं काम घरून करत असे. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर आणि कान बाल्कनीत.

त्या उन्हाळ्यात मी जे ऐकलं त्यानं मी थक्क झाले. नानीची नानी विशीच्या आत एकटी जहाजात चढली होती. नवरा नाही, भाऊ नाही. उसाच्या मळ्यावर मजुरी करायला करार करून. ती घरातून पळाली की घरानं तिला सोडलं, ते तिनं कोणाला कधी सांगितलं नाही. मी नोकरीचं ब्लू कार्ड, आरोग्य विमा आणि नवरा घेऊन विमानानं इथे आले होते, तरी पहिला महिनाभर रोज रडले होते.

आणि नानी स्वतः? त्यांच्या गावात देवळात पोथी वाचायची पुरुषांनी आणि प्रसाद रांधायचा बायकांनी. गावातले काही नवरे रम पिऊन बायकांना मारत. नानींनी चारचौघी जमवल्या आणि मार खाणाऱ्या बायकांना रात्रीपुरतं झोपायला देवळाची मागची खोली द्या, अशी मागणी केली. पंडित नाही म्हणाले. ठीक आहे, असं म्हणून या घरी गेल्या. त्या वर्षी पोथीच्या समाप्तीला देवळात प्रसादच शिजला नाही. चुली थंड, माणसं उपाशी, पंडित एकटे पोथीपुढे. आठवड्याभरात खोली मिळाली आणि पुढच्या वर्षी पोथीही. हे सांगताना नानी शेंगा सोलत होत्या आणि मध्येच सासूबाईंना म्हणाल्या की तुमच्या शेंगा किडक्या आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून सांगितली. त्यांचे यजमान गेले तेव्हा नदीकाठच्या चितेपर्यंत फक्त पुरुष गेले. नानींना आणि त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या शेजारणीला, फाटकातच अडवलं. काही वर्षांनी त्या मागच्या खोलीत झोपायला येणारी एक बाई नवऱ्याच्या मारानं मेली. तिला फक्त मुली होत्या. तेव्हा गावातल्या बायकांनी तिला खांद्यावर घेतलं, नदीवर नेलं, आणि थोरल्या मुलीनं अग्नी दिला. पुरुष रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभे राहिले. नानींचा स्वतःचा मुलगा त्यांत नव्हता. तो वर्षभर आईशी बोलला नाही.

"माझं तू करायचं," नानी मुलीला म्हणाल्या होत्या. "जिथे पडेन तिथेच. माझी नानी जहाजातून आली, मी काही पेटीतून परत जाणार नाही."

यावर सासूबाई गप्पा अर्ध्यावर सोडून आत गेल्या, आणि असं फार क्वचित होतं. मला कारण माहीत होतं. त्या पुण्यात संस्कृतच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी पौरोहित्याचा वर्ग केला. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, सगळं करतात आणि खणखणीत करतात. अंत्येष्टीसुद्धा त्यांना पाठ आहे, पण ती त्यांनी कधी केली नव्हती. सासरे गेले तेव्हा बाहेर अंगणात गुरुजी घाईघाईत मंत्र म्हणत होते, ओळीच्या ओळी गाळत होते. सासूबाई आतल्या खोलीत बसून त्या गाळलेल्या ओळी पुटपुटत होत्या. शेजारी मी बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

सप्टेंबरमध्ये नानी गेल्या. सकाळी चहा प्यायल्या, खुर्चीत टेकल्या आणि गेल्या. सगळी औषधं बिनचूक घेणारी बाई अशी न सांगता गेली. शेजारीण वरून खाली आली ती अनवाणी. आम्ही डॉक्टरला बोलावलं, मग बेस्टाटरला, म्हणजे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था बघणाऱ्या माणसाला. तो आला, अतिशय सभ्यपणे बोलला, आणि शुक्रवारी सकाळी दहन ठरलं.

संध्याकाळी त्रिनिदादहून भावाचा फोन आला. त्याच्या हृदयाचं दुखणं, विमानप्रवास बंद. त्याचं म्हणणं, आईला इकडे पाठवा, माझा मुलगा अग्नी देईल. शेजारीण नाही म्हणाली. मग तो थोडा नरमला: बरं, तिथेच करा, पण पंडित बोलवा आणि कोणातरी पुरुषाचा हात लागू दे. आपल्या घरातल्या बायका हे करत नाहीत. तू केलंस तर मी तुझा भाऊ नाही.

ती आमच्या सोफ्यावर बसून हे सांगत होती. फोन करून पाहिले, एका पंडितजींनी दुसऱ्या शहरातून यायचं कबूल केलं, पण मुलगी अग्नी देणार असेल तर नको म्हणाले. एकीकडे आईला दिलेला शब्द, दुसरीकडे माहेरचा एकुलता एक भाऊ. तिला दोन्ही हवं होतं आणि ते मिळणार नव्हतं.

तेव्हा माझा नवरा पुढे सरसावला. तो कारच्या कारखान्यात इंजिनियर. अडचण दिसली की त्याला तोडगा सुचतो, आणि तोडगा सुचला की तो खूश होतो. "आल्झो, म्हणजे मी उभा राहतो की," तो म्हणाला. "मुलगा म्हणून. भावाचंही समाधान होईल. गेनाऊ, बरोबर ना?" किती साधं, असं मलाही वाटलं. शेजारणीनंसुद्धा मान हलवली. दमलेलं माणूस हलवतं तशी.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पोळपाट.

"तू कोण?" त्या मुलाला म्हणाल्या.

"अगं आई, मदत म्हणून."

"तिला मुलगी आहे. ही काय इथे बसलीय." मग त्या शेजारणीकडे वळल्या आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "अग्नी तू दे. मंत्र मी म्हणते."

मग पोळपाट घेऊन त्या आत गेल्या. मागोमाग पोळ्या लाटल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात. मी आत गेले तेव्हा त्या एकाच पोळीवर लाटणं फिरवत होत्या. "येतं ना गं मला?" त्यांनी विचारलं. बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं. मी म्हटलं, अहो आई, तुम्हाला येतं, मी ऐकलंय. कुठे ऐकलंस, असं त्यांनी विचारलं नाही.

शेजारणीनं भावाला कळवलं की मी करणार, तुला ऐकायचं असेल तर वेळ ही. तो म्हणाला, ऐकेन, पण बोलणार नाही.

शुक्रवारी स्मशानाच्या ट्राउअरहालेत, म्हणजे तिथल्या निरोपाच्या दालनात, आम्ही मोजकी माणसं. तिच्या क्लिनिकमधल्या बायका काळ्या कपड्यांत, आम्ही पांढऱ्या. बेस्टाटरनं आधीच बजावलं होतं की आत ज्योत चालणार नाही, वर धुराचा सेन्सर आहे. त्याऐवजी त्यानं बॅटरीवरच्या मेणबत्त्या मांडल्या होत्या, अगदी मनापासून. सासूबाईंनी एक उचलून उलटी केली, खालचं बटण पाहिलं आणि परत ठेवली. "असू दे, खरा अग्नी पुढे आहे," त्या मला म्हणाल्या. आमच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. एका खुर्चीवर फोन ठेवला होता, स्पीकर चालू. त्रिनिदादमध्ये पहाट व्हायची होती. पलीकडे एक कोंबडा आरवला, माणूस मात्र गप्प.

सासूबाईंनी सुरुवात केली. पहिली ओळ जरा कापरी होती, दुसरी नव्हती. त्यांनी काही गाळलं नाही. तो आवाज मी लग्नांत ऐकला होता, पूजांत ऐकला होता, पण त्या दालनात तो असा चढला की क्लिनिकमधल्या बायका आपोआप उभ्या राहिल्या. माझी स्वतःची सासू, जी माझ्या भाजीला रोज मीठ कमी म्हणते, ती मृत्यूसमोर उभी राहून त्याच्याशी बोलत होती आणि तो ऐकत असावा असं वाटत होतं.

मग तीळपाणी. पोथीप्रमाणे हे बाराव्या दिवशीचं, पण भाऊ फोनवर आजच होता, म्हणून आजच. त्यात तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. बाई गेली की तिला नवऱ्याच्या आईच्या, आजीच्या रांगेत बसवायचं, असं पोथी सांगते. सासूबाई थांबल्या. हातातली पोथी मिटली. शेजारणीला म्हणाल्या, "तुझ्या आईचं नाव सांग." तिनं सांगितलं, ओंजळीतून पाणी सोडलं. "तिच्या आईचं." तेही सांगितलं. "तिच्या आईचं." जहाजातून आलेली ती बाई घरात सगळ्यांची नानी होती. तिचं खरं नाव शेजारणीला माहीत नव्हतं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळायला लागलं. एवढ्या लांब आलेली बाई, आणि तिला हाक मारायला काही नाही.

तेव्हा खुर्चीवरचा फोन बोलला. भावानं एक नाव घेतलं. साधं, दोन अक्षरी, खेड्यातलं. मग तो म्हणाला, "मी लहान होतो. तिनं मला सांगितलं होतं. म्हणाली, एवढं विसरू नकोस." आणि तो माणूस रडायला लागला, मोठ्यानं, तिथून इथवर.

सासूबाईंनी ते नाव घेतलं. शेजारणीनं घेतलं. पाणी सोडलं. मग शवपेटीबरोबर आम्ही भट्टीच्या दारापर्यंत गेलो. तिथल्या माणसानं बटण दाखवलं आणि तो मागे सरकला. फाटकात अडवलेली ती मुलगी आता दारात उभी होती आणि तिला कोणी अडवलं नाही. तिनं बटण दाबलं, दार वर गेलं, आत लाल उजेड होता. इतका साधा आणि इतका प्रचंड क्षण मी पुन्हा पाहिलेला नाही.

त्या दिवशी जेवताना, दालनात सगळं ऐकलेली माझी लेक, तेव्हा आठ वर्षांची, आजीकडे टक लावून बघत होती. ती मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं आपल्या आईचं, म्हणजे माझं नाव घेतलं. मग माझ्या आईचं. मग विचारलं, "उंड डू, आजी?" आणि तुझं? सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं, जे पत्रिकांवर असतं, पासपोर्टवर असतं. लेकीनं मान हलवली. ते नाही, जन्मतानाचं. नानीच्या नानीसारखं, आधीचं.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं सासरचं नाव लिहिलं, तेव्हापासून जुनं कोणी उच्चारलंच नव्हतं. माहेरी सगळे ताई म्हणायचे. त्यांनी थोडा वेळ आठवल्यासारखं केलं, पण आठवायला वेळ लागला नसावा. मग त्यांनी ते नाव सांगितलं. लेकीनं ते जर्मन वळणानं दोनदा म्हटलं, आणि उच्चारांच्या बाबतीत कोणाला सोडत नाहीत त्या सासूबाईंनी तिला सुधारलं नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आईकडे बघत होता. ते नाव त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं.