पोचल्याचा फोन

"कॉम्प्युटर चालून नाई राहिला, लवकर या" एवढंच सांगून फोन ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भयंकर चीड आहे. अरे बाबा, दिवा लागतो का? पंखा फिरतो का? पडद्यावर काय दिसतं? अकोल्यातल्या माझ्या दुकानात बसून दिवसभर मी हेच विचारत असतो आणि समोरचे म्हणतात, तुमी येऊनच पाहा ना.

पातूरच्या माणिकबाईनं मात्र पहिल्याच फोनवर व्यवस्थित सांगितलं. "भाऊ, बटन दाबलं की चिन्ह येते. मंग पांढरे अक्षरं पयतात. मंग सारं काळं होते आन कोपऱ्यात एक रेघ लुकलुक करते. मानसं दिसतच नाईत."

माणसं म्हणजे कुठली, ते मी विचारलं नाही. सिनेमा-बिनेमा पाहत असेल बाई, असं म्हणून मी गाडी काढली.

माणिकबाईचा गावाबाहेर फुलांचा मळा आहे. शेवंती आणि झेंडू. नवरा गेल्यापासून सगळं एकटीच बघते. उजाडायच्या आत फुलांचा तोडा, मग ती ऑटोत घालून अकोल्याला हर्रास, म्हणजे लिलाव. तिथं एखाद्या व्यापाऱ्यानं फूल बोटात दाबून "शिळं हाय" म्हटलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झालाच म्हणून समजा. बाजारात तिच्या तोंडी लागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मुलगा चंदन चार वर्षांपासून मेलबर्नला. जाताना आपला जुना कॉम्प्युटर त्यानं आईसाठी मांडून दिला होता, लिनक्स घालून. वर तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं झाकलेलं. खोली लख्ख, एक कागदाचा कपटा नाही.

कॉम्प्युटर चालू केला. माणिकबाईनं सांगितलं होतं तसंच, अगदी ओळीनं झालं. आत जाण्यासाठी नाव निवडायचा जो पडदा येतो, तोच उठत नव्हता. तीन बटणं एकदम दाबून मी नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेलो आणि पाहिलं, तर डिस्क गच्च भरलेली. नखाएवढी जागा नाही. त्या पडद्याला उठायचं म्हटलं तरी दोन अक्षरं कुठंतरी लिहून ठेवावी लागतात. लिहायला जागाच नाही म्हटल्यावर तो बिचारा पडूनच राहणार. कॉम्प्युटर रोज स्वतःच्या नोंदी साठवत राहतो, त्यातल्या जुन्या मी पुसल्या, थोडी जागा केली, पडदा उठला. कचरापेटीत मात्र डोंगर होता. चंदननं निघायच्या दिवशी जुने सिनेमे, कॉलेजचे प्रोजेक्ट, काय काय आईच्या खात्यात बसून त्यात फेकलेलं आणि तसंच सोडलेलं. दुसऱ्याचं सामान मी आपल्या हातानं पुसत नाही.

"काकू, ही कचरापेटी रिकामी करा. हे इथं दाबाचं. नाई तर पुन्हा असंच होईन."

"हो," माणिकबाई म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पडद्याकडे होतं. मी पिशवी उचलली तशी म्हणाली, "अकोल्याले पोचले की फोन करा."

मी कशाला फोन करतोय? दुकानात चार लोक ताटकळले होते.

आठवड्यात पुन्हा फोन. तीच रेघ, तोच काळोख. आता तुम्हीच सांगा, डोक्यात तिडीक जाईल की नाही? अकोला ते पातूर काही शेजारचं अंगण नाही. तणतणत पोचलो तर माणिकबाई माझ्यापेक्षा चिडलेली.

"तुमी त्या दिवशी फोन कावून नाई केला? झाडू घेऊन बसून होतो ना मी ओसरीवर. अंधार पडला तरी तुमचा पत्ता नाई. उंबऱ्यात पाचोळा तसाच."

"झाडून घ्याचं होतं मंग."

"घरून निंगलेलं मानूस पोचल्याबिगर मागं झाडू मारते का कोनी? तुमच्या घरी मारतात?"

आमच्या घरीही नाही मारत. आजी असेपर्यंत तर मुळीच नाही. पण मी त्या वेळी भांडायच्या तयारीत होतो, तेव्हा ते कबूल करायचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, "ते जाऊ द्या. कचरापेटी रिकामी केली का?"

"नाई."

"कावून नाई?"

बाजारात दहा जणांना पुरून उरणारी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

मी पुन्हा थोडी जागा केली. आणि डोकं तापलेलं असताना माणूस जी हुशारी करतो, तीही केली. एवीतेवी बाई एकटीच राहते. नाव निवडायचा पडदा तिला हवाच कशाला? ती पायरीच काढून टाकली. आता बटण दाबलं की थेट आत, तिचे फोटो, तिचं सगळं समोर. मी स्वतःवर खूश होतो.

"घ्या. आता कटकटच नाई."

माणिकबाई वाकली. पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं तिनं. मग म्हणाली, "चंदन कुठी गेला?"

"चंदन? इथं कुठी चंदन?"

"माहा चंदन. सुरवातीले दोघं येतो ना आमी. तो आन मी. ते कुठी गेलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या पडद्यावर दोन गोल असतात, दोन खाती म्हणून. एका गोलात चंदनचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, तेल लावून भांग पाडलेला. खाली नाव, चंदन. शेजारच्या गोलात ही, शेवंतीच्या वाफ्यात उभी, उन्हानं डोळे बारीक केलेली. खाली त्यानं लिहिलेलं, माय.

"रोज तोडा करून आलो की बटन दाबतो," ती सांगू लागली. "ऑटो येईपरेंत चहा घेत बसतो समोर. दोघं बाजू-बाजूले दिसतो. अंदर जाऊन काय करू मी? मले तेवढंच पाहा लागते. ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला की बंद करतो."

"फोनवर दिसते ना तो. व्हिडिओत."

"फोनवर तो तिकडं दिसते, मी इकडं. येका जागी कुठी दिसतो आमी?"

मी कीबोर्ड ओढला. काढलेली पायरी मुकाट्यानं परत घातली. दोन्ही गोल आले. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि मला एकदम वाटलं की आपण इथं नसायला हवं होतं.

पण खरं ते सांगावंच लागलं. "काकू, हे आठच दिवस टिकन. ती कचरापेटी गेल्याबिगर इलाज नाई. नवी डिस्क टाकली तर सारं नव्यानं भरा लागते. या मशीनचा जीव तेवढा राहिला नाई."

माणिकबाईनं लुगड्याच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "जाच्या दिवशी त्यानं सोताच्या हातानं टाकलेलं हाय ते. तो वाटंत असतानी मी कशी झाडू?"

"वाटेत? चार वर्षं झाले ना त्याले जाऊन?"

"उतरलो म्हनून फोन आला होता त्याचा. मी म्हनलं, बरं. पन दोन वर्षांत वापस येतो म्हनून गेला होता ना तो? ज्याले वापस याचं हाय तो मानूस पोचला कुठी? वाटंतच हाय." ती थांबली. "खोली झाडतो मी रोज. तेवढंच नाई झाडलं."

गेल्या दिवाळीत चंदननं सांगितलं होतं की तिकडं कायमचं राहायची परवानगी मिळाली. तेही तिनंच मला सांगितलं, वाफ्याला पाणी सोडल्याचं सांगावं तितक्या सरळ. म्हणजे सगळं ठाऊक होतं बाईला. ठाऊक असणं वेगळं आणि झाडू मारणं वेगळं. आणि न झाडावं तर रोज सकाळी दिसणारा तो गोलही जाणार. मी खालमानेनं वायर गुंडाळत बसलो. गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळली.

माणिकबाईनं मोबाइल उचलला आणि चंदनला लावला. तिकडं संध्याकाळ होत आली असावी. पहिल्याच घंटीला उचलला त्यानं. तिला कानाशी धरून ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठ्यावर होता.

"काय माय, या वक्ती? बरं हाय ना?"

"बरं हाय. येक इचाराचं होतं. तू पोचला का?"

तो हसला. "काय इचारून राहिली तू? चार वर्षं झाले ना इथं."

"ते मले ठावं हाय. तू सांग. पोचला का नाई?"

हसणं थांबलं. याच घरातून तो पुण्याला शिकायला गेला होता. त्याचा फोन येईस्तोवर आई झाडू घेऊन ओसरीवर बसते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिकडून कुठल्यातरी गाडीचा आवाज येत राहिला.

"पोचलो, माय," तो म्हणाला. मग अगदी हळू, "कवाच पोचलो. तुले सांगाचं राहून गेलं."

"बरं झालं," माणिकबाई म्हणाली. "जेवला का? जेवून घेजो."

फोन ठेवून तिनं मला विचारलं, कुठं दाबायचं. मी दाखवलं. हे खरंच कायमचं काढायचं का, असं कॉम्प्युटरनं पुन्हा विचारलं. तसल्या प्रश्नाचा मला एरवी राग येत नाही, त्या दिवशी आला. तिनं दाबलं. एक पट्टी भरत गेली आणि संपली.

मी मशीन बंद करून परत चालू केलं. चिन्ह आलं, अक्षरं पळाली, आणि दोन गोल येऊन उभे राहिले. चंदन आणि माय.

"आता किती दिस राहीन हे?"

"आता जात नाई काकू. आता जागाच जागा हाय."

"हो," ती म्हणाली. "जागाच जागा हाय." आणि लुगड्याच्या फडक्यानं पडद्यावरची धूळ पुसली. पुसायला तिथं धूळ नव्हती.

मला परत निघायला दुपार झाली. ती ओसरीपर्यंत आली, हातात झाडू. मागच्या वेळचा राग अजून होताच तिच्या तोंडावर. नुसती पाहत राहिली. वाटेत मी चहाला थांबणार होतो, थांबलो नाही. दुकानात पुन्हा लोक ताटकळलेले, एकानं तर गेल्या गेल्या आपला लॅपटॉप माझ्या हातात कोंबला. तो बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्या आधी फोन लावला.

"काकू, पोचलो."

तिकडून आधी झाडूचा आवाज आला.

"बरं झालं," माणिकबाई म्हणाली. "तुमी तरी लवकर सांगतलं."