पाद्रीबाबांची माणसं

आमच्या उमरग्याकडच्या गावात ल्यूथरन चर्चचे एक पाळक होते. आमी त्यांना पाद्रीबाबा म्हणायचो. प्रवचन असं लांबवायचे की ऐकणाऱ्या चार म्हाताऱ्या दोनदा झोपून उठायच्या. आमी मात्र धर्माचे लई पक्के. बाटू म्हणून त्यांच्या दारचं पाणीही पीत नव्हतो.

निजामाच्या शेवटच्या वर्षी भरदुपारी गावात बंदूकवाल्यांची टोळी शिरली, आणि आमी धर्माचे पक्के लोक सगळ्यात आधी चर्चमध्ये घुसलो. पाद्रीबाबांनी दार लावलं, भरलेलं चर्च डोळे भरून पाहिलं आणि प्रवचन सुरू केलं! पाटील कळवळले, "अवो, ही काय येळ हाय का?"

तेवढ्यात दार वाजलं. पाद्रीबाबा दार उघडून उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "ये सब मेरेच लोगां हैं. अंदर आना तो बंदूक बाहर रखो, और आखिर तक बैठना पडेगा."

टोळीनं त्यांचं प्रवचन आधी कधीतरी ऐकलेलं असावं. ती निघून गेली. पाद्रीबाबांनी आत येऊन राहिलेलं प्रवचन पुरं केलं.

त्या संध्याकाळी गावच्या विहिरीला पाणी पुरलं न्हाय. त्यांची माणसं म्हणून वाचलेला अख्खा गाव अंगावरचा विटाळ धूत होता.