बाल्कनीत अडकलेली भाऊबीज

जे. पी. नगरातल्या त्या इमारतीत कुणी गावाला निघालं, की बॅग भरायच्या आधी बिंदुमाधव अण्णांची बेल वाजायची. दारात उभ्या माणसाच्या हातात कुंडी असे, नाहीतर ओल्या कागदात गुंडाळलेल्या चार काड्या. "अण्णा, तेवढं बघाल ना?" अण्णांच्या तोंडून 'ठेवा' आधी निघायचं आणि कपाळावरची आठी नंतर उमटायची.

हे लचांड त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. सारी नोकरी सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. तिथे प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी असे, आणि चिठ्ठी नसलेला भाग म्हणजे अनाथ. निवृत्तीपाठोपाठ बायको गेली आणि ती शिस्त बाल्कनीत आली. दह्याच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापायच्या. त्यावर झाडाचं नाव, मालकाचं नाव आणि काडी खोचल्याची तारीख लिहायची. तीही शिसपेन्सिलीनं, कारण पेनाची शाई पाण्यानं धुऊन जाते. काप नेहमी पेराच्या जरा खाली, खालची पानं काढून टाकायची, आणि वाळूत नारळाचा भुसा मिसळून त्यात काडी रोवायची. मनी प्लांट काळपट बाटलीत, कारण मुळांना उजेड सोसत नाही. चाफ्याची फांदी चीक सुकेपर्यंत सावलीत आडवी. गुलाबाच्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमधल्या भाजीच्या खणात. भाजी बिचारी ओट्यावर सुकत पडायची.

यात वाईट काहीच नव्हतं. वाईट होती ती दिवाळी.

अण्णांची थोरली बहीण, पद्मावतीताई, येलहंक्याला राहायच्या. शहर एकच, पण हे एक टोक आणि ते दुसरं. ताईंना दुसरा भाऊ नव्हता. आणि इमारतीतली पुण्या-नागपूरची आयटीतली पोरं स्वतःच्या बहिणींकडून ओवाळून घ्यायला नेमकी त्याच आठवड्यात निघायची, आपापली कटिंगं अण्णांच्या गळ्यात मारून.

एका भाऊबीजेला अण्णा गेले होते. सकाळी मळभ होतं, म्हणून मोगऱ्याच्या काड्यांवर ओल टिकावी म्हणून घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या त्यांनी तशाच ठेवल्या. तिकडे ताईंच्या आग्रहानं श्रीखंडपुरी चालली होती आणि इकडे ऊन कडकडीत पडलं. अण्णा परतले तेव्हा पिशव्यांच्या आत काड्या अक्षरशः शिजल्या होत्या. त्या सिद्धीच्या होत्या, वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या मुलीच्या. तिची आई गेली होती, घर विकलं होतं, आणि त्या अंगणातल्या मोगऱ्याच्या तेवढ्याच काड्या उरल्या होत्या. पोरगी अण्णांच्या दारात उभी राहून हमसाहमशी रडली. एकच काडी तगली. पुढे सिद्धी नोकरीसाठी कॅनडाला गेली तेव्हा कुंडी अण्णांकडेच ठेवली. म्हणाली, "आईचा मोगरा आहे, अण्णा. तुमच्याकडेच सेफ राहील."

तेव्हापासून दिवाळीत अण्णांनी घर सोडलं नाही. एक दगावली तर दुसरी असावी म्हणून ते त्या मोगऱ्याच्याच काड्या पुन्हापुन्हा रुजवत राहिले.

दर भाऊबीजेला ताईंचा फोन यायचा. "येतोयस ना रे बिंदू?"

"अगं, सगळ्यांच्या काड्या आहेत घरात. कसा निघू?"

मग ताई म्हणायच्या, "बरं. चंद्राला ओवाळते."

भाऊ जवळ नसला की बहिणीनं चंद्राला ओवाळायचं, ही जुनी रीत. ते ऐकलं की अण्णांचा जीव कासावीस व्हायचा. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलेली होती. त्या जाळीआड बसून ते दिवसभर पिशव्या उघडायचे आणि झाकायचे. आपण काड्या राखतोय की काड्यांनी आपल्याला कोंडून घातलंय, हे त्यांना कळेनासं व्हायचं, आणि मग सगळ्यांचाच राग यायचा. बेल वाजली की मात्र तोंडातून 'ठेवा'च निघे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर ताईंचा फोन आला. बोलता बोलता त्या सहज म्हणून गेल्या, "आता डोळ्यांनी फार कमी दिसतं रे. गेल्या वर्षी चंद्र दिसलाच नाही. अंदाजानंच ओवाळलं."

त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही. बऱ्याच येरझाऱ्या घालून त्यांनी शेवटी सिद्धीला फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं.

"सिद्धी, एका दिवसापुरता तुझा मोगरा दुसऱ्या कुणावर सोपवू का? तुझी हरकत नसेल तरच हं."

"कुठला मोगरा, अण्णा?"

"तुझ्या आईचा. नागपूरचा."

"अय्या, तो अजून आहे? मला वाटलं, केव्हाच गेला असेल! अहो, एवढं टेन्शन कशाला घेता? देऊन टाका ना कुणालाही."

बोलण्यात माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं. अण्णा कुंडीसमोर बसून राहिले. रागवायचं तरी कुणावर? पोरीचं रडून झालं होतं, ती आपल्या संसाराला लागली होती. तिचं रडणं अण्णांनीच इतकी वर्षं पाणी घालून जगवलं होतं.

भाऊबीजेच्या दुपारी त्यांनी कानडी शेजारणीला, रम्याला बोलावलं. कुठली पिशवी केव्हा उघडायची, कुठल्या बाटलीतलं पाणी बदलायचं, सगळं दोनदोनदा समजावलं.

"सरी अण्णा. इष्टे ताने?" एवढंच ना, असं विचारत तिनं किल्ली घेतलीसुद्धा.

"एवढंच," अण्णा म्हणाले.

मोगऱ्याची रुजलेली एक काडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली. चिठ्ठीवरचं सिद्धीचं नाव खोडरबरानं पुसलं आणि तिथे 'ताई' लिहिलं. बसमध्ये ती काडी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

येलहंक्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. ताईंनी हातानं त्यांचा चेहरा चाचपला. "किती वाळलायस रे," म्हणाल्या. काडीचा वास घेऊन पाहिला; फूल नव्हतंच, म्हणून पानंच हुंगली आणि ती त्यांच्याकडे परत दिली. मग पाट मांडला, रांगोळी घातली. अण्णा टोपी घालून बसले. ताईंनी निरांजन लावलं, तबक उचललं आणि पाटाला वळसा घालून त्या दाराकडे निघाल्या.

बहिणीला आपण दिसलोच नाही, असं वाटून अण्णा कळवळले. "ताई, मी इथं बसलोय."

"माहीत आहे. थांब जरा. आधी त्याला." ताई उंबऱ्यापाशी थबकल्या. "तो लवकर मावळतो. आणि मला दिसो न दिसो, इतकी वर्षं तोच आला रे बिंदू. एकदाही काड्यांचं कारण नाही सांगितलं त्यानं."

ओवाळून घ्यायला बसलेल्या माणसानं मध्येच उठायचं नसतं. हातात काडी धरून अण्णा पाटावर बसून राहिले आणि ताई परत येण्याची वाट बघू लागले.