चालताना फोन करायचा नाही

“मी चालतोय तोवर फोन करायचा नाही, वहिनी.” शेजारचे भाऊजी रोज सकाळी लिफ्टपाशी हे बजावायचे. मग खिशातल्या मोबाईलवर डिस्को लावायचे आणि पाय उचलायचे.

त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे त्याचं काही नाही, पण पाय मध्येच जमिनीला चिकटायचे. एकसारखा ठोका ऐकला की सुटायचे.

तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. मीही हसले. म्हातारा, कानटोपी, आणि खिशातून धडधड. मी म्हटलं, या वयात भजन लावा. त्यांनी लावलं. गायकाने तान घेतली आणि हे लिफ्टच्या दारात अडकले, एक पाय आत, एक बाहेर. दार येऊन येऊन आपटत होतं. “भजन रेंगाळतं, वहिनी. मग मीपण.”

तरुणपणी नोकरी सांभाळून ते करोल बागेत लग्नांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. डिस्को संपत आला तेव्हा ठोके देणारं मशीन आलं आणि यांना घरी बसवलं. आता त्यांना तीच शेवटची, मशीनवरची गाणी लागत. मध्येच ठोका थांबून नुसत्या टाळ्या येतात ती गाणी त्यांनी काढून टाकली होती. म्हणायचे, “मशीन थकत नाही. पण फोन आला की गाणं बंद. रस्त्यात बंद पडलं तर मी संपलो.” आणि हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही.

त्या दिवशी ते रस्त्यापलीकडे दूध आणायला गेले. मी दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत मटार सोलत होते. घरात कोथिंबीर नव्हती. झाडामुळे अर्धाच रस्ता दिसतो. वाटलं, पोचले असतील. फोन लावला.

झाडाआडून ते पुढे आले आणि थांबले. रस्त्याच्या मधोमध. मान वर करून त्यांनी माझ्या बाल्कनीकडे पाहिलं. वळणावरून पाण्याचा टँकर येत होता.

मी चौथी शिकलेली, तरी लाल बटण मला ओळखता येतं. त्यावर बोट पडेना.

भाऊजी जागीच गेले. सोसायटीत सगळे टँकरवाल्याला शिव्या देतात. 

मोबाईल त्यांच्या मुलाकडे आहे. त्यात शेवटचा नंबर माझा. मुलगा दर रविवारी गुरुग्रामहून त्यांची खोली आवरायला येतो, मला वाकून नमस्कार करतो, आणि काही विचारत नाही.