आमच्या ऑफिसातली ‘परसो’बंदी

आमच्या ऑफिसात काम साठत नाही, किस्से साठतात. कामामागं गिऱ्हाईक लागलेलं असतं. किश्श्यांना कोण विचारतो? मग ते पडून राहतात, मुरतात आणि मुरले की थोडे फुगतातही. फुगलेला भाग माझा समजा.

वाळूजला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना. ऑफिसात माणसं तीन: खरेदीला कांबळेताई, माल पाठवायला आणि फोन घ्यायला वसीमभाई, हिशेबाला मी. मालक थकले तशी त्यांची मुलगी मृणाल पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आली. मालकांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "मोठ्या गिऱ्हाइकानं दिवाळीनंतर ऑर्डर चालू ठेवली तर ऑफिस तुझं. नाय तर कुलूप."

म्हणजे आमच्या खुर्च्याही कुलपाच्या आत!

*

पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तूला लेबल लागलं. जागच्या जागी ठेवलं की वेळ वाचतो, असं मृणालचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी वसीमभाई गायब. त्यांच्या खुर्चीवर मात्र ठसठशीत लेबल: ‘वसीमभाई’.

"जागा सापडली," कांबळेताई म्हणाल्या, "आता वस्तू शोधा."

*

मग आली उभ्यानं मीटिंग. पाय दुखले की माणूस कमी बोलतो म्हणे! पण आमच्याकडं माणसं उभी राहतात ती लग्नातल्या बुफेला. कांबळेताईंनी भजी मागवली, वसीमभाईंनी जिलबी. मीटिंग दुपारपर्यंत रंगली. शेजारच्या कारखान्यातले दोघं जेवून गेले. जाताना एकानं माझ्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं.

*

मृणालला खरं छळलं ते ‘हौ’नं. काहीही सांगा, वसीमभाई "हौ" म्हणायचे. ती खूश. संध्याकाळी काम जिथल्या तिथं! शेवटी कांबळेताईंनी तिला बाजूला घेतलं.

"एक हौ म्हणजे ऐकू आलं. हौ हौ म्हणजे आता बस करा."

"आणि काम करतो म्हणायचं असेल तर?"

"तवा माणूस बोलत नाय. उठतो."

*

त्याहून बेकार ‘परसो’. गाडी कधी गेली? परसो. मशीनला तेल कधी घातलं? परसो. आमच्या शहरात काल सोडला तर मागचं सगळं परसोच. वैतागून मृणालनं विचारलं, मग दौलताबादचा किल्ला कधी बांधला?

वसीमभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "बहोत परसो."

त्याच दिवशी ऑफिसात परसो बंद! तारीख सांगायची, नसेल आठवत तर तोंड उघडायचं नाही.

"हौ," वसीमभाई म्हणाले.

*

दिवाळी गेली. मोठ्या गिऱ्हाइकाकडून काहीच कळेना. मृणालचा डबा तसाच परत जायला लागला. एका सकाळी ती गुपचूप लेबलं सोलताना दिसली, तेव्हा आम्हीही मनातल्या मनात सामान आवरलं.

तेवढ्यात त्या कंपनीचे खरेदीवाले साहेब दारात! माणूस अस्सल शहागंजचा, म्हणजे आमच्याच शहरातल्या जुन्या बाजारातला. मृणालनं त्यांना नवी शिस्त दाखवली, लेबलं दाखवली, उरलेली. साहेब भजी खात ऐकत राहिले. शेवटी तिनं कसंबसं विचारलं, "ऑर्डरचं काय ठरलं, साहेब?"

"ती तर पक्की केली की, फोनवर. मी आपला चहाला आलो."

"फोन कधी केलात?"

"परसो."

आम्ही सगळे हळूच वसीमभाईंकडं वळलो.

"फोन आला होता?" मृणालनं विचारलं.

"हौ."

"मग सांगितलं का नाही?"

वसीमभाईंनी शांतपणे चहा बशीत ओतला.

"तारीख कुठं आठवत होती, मॅडम?"