कोणतीही वेळ चालेल

आमच्या कॉलेजच्या गेटवर बॅनर आहे : 'सव्वीस विषय, निवड तुमची!' खोल्या नऊच आहेत, हे बॅनरवर नाही. पालीपासून सांख्यिकीपर्यंत सगळं त्या नऊ खोल्यांत कोंबायचं काम बारा वर्षं गुरुदत्त सर करतात. शिकवतात अर्थशास्त्र, पण अख्ख्या कोपरी परिसरात त्यांची ओळख 'टाइमटेबलवाले सर' अशीच.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली की सरांच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा येतो. प्रत्येकाने त्यात आपली चिठ्ठी टाकायची. कुणाला पहिलं लेक्चर नको, कुणाला सोमवार नको. मी राज्यशास्त्राची हेमांगी. मला साडेअकरानंतर काहीच नको, कारण मुलीची शाळा सुटते. सर प्रत्येक चिठ्ठीवर भडकतात, "टाइमटेबल आहे की हॉटेलचं मेनूकार्ड?" म्हणून ओरडतात आणि शेवटी सगळ्यांचं ऐकतात. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो.

यंदा बुधवारी नोटीस लागली. शनिवारी चारपर्यंत ज्या विषयाला पंधरा विद्यार्थी नसतील, तो विषय बंद. पालीला नऊ होते. पाली शिकवतात नीला मॅडम, तेही बारा वर्षं तासिका तत्त्वावर. विषय गेला की त्यांची नोकरी गेलीच, त्यासाठी वेगळी नोटीस लागत नाही.

त्याच दुपारी स्वप्ना नावाची विद्यार्थिनी सरांकडे आली.

"सर, मी राज्यशास्त्र घेतलंय, पण मला पालीच पाहिजे होतं."

"मग घे की."

"कसं घेऊ? बाराला असतं ते. साडेबाराला मला बाळकुमच्या दवाखान्यात रिसेप्शनला पोचायचं असतं. आम्ही सगळ्या जॉबवाल्या मुली हेच म्हणतो, पाली कायम लास्टला का असतं?"

ती गेल्यावर सरांनी कपाटातून बारा वर्षांची टाइमटेबलं काढली. एकेक कागद उलटताना त्यांचा चेहरा उतरत गेला. बाराही वर्षं पाली शेवटच्या लेक्चरला. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या भागवून जो चौकोन रिकामा उरायचा, त्यात पाली जायचं. पहिल्या वर्षाच्या कागदाला नीला मॅडमची चिठ्ठी टाचलेली होती : 'कोणतीही वेळ चालेल.' पुढे त्यांनी चिठ्ठी टाकलीच नव्हती.

"हेमांगी, विषय मी मारला," सर म्हणाले. "आणि मला पत्ताही नाही."

मला भयंकर राग आला, पण सरांचा नाही. सोयीचे चौकोन पटकावणाऱ्यांत मी पहिली होते.

गुरुवारी सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "दुसरं लेक्चर कोण सोडतंय?" सगळ्यांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मलाही. सरांनी मग स्वतःचंच दुसरं लेक्चर पालीला दिलं आणि अर्थशास्त्र बारावर नेलं. ज्या मुलांना नोकऱ्या होत्या त्यांना दुसऱ्या तुकडीत घेतलं, तरी दोन पालक येऊन भांडून गेलेच. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "एवढं सगळं एका पालीसाठी?"

"चूक माझी आहे, सर," एवढंच गुरुदत्त सर म्हणाले.

शुक्रवारी अकरा नावं झाली. शनिवारी दुपारपर्यंत तेरा, तीन वाजता चौदा. नीला मॅडम ऑफिसबाहेरच्या बाकावर मांडीतली पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. सर खिडकीशी उभे राहून दर दोन मिनिटांनी क्लार्कला आकडा विचारत होते, जणू तो आपोआप वाढणार होता. साडेतीन झाले. पावणेचार झाले.

चारला आठ मिनिटं असताना स्वप्ना धापा टाकत आली. पालीची वेळ बदलल्याचं तिला दुपारीच कळलं होतं. दवाखान्यातून अर्ध्या तासाची सुट्टी मागून निघाली होती, रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तिने फॉर्म माझ्यापुढे धरला. राज्यशास्त्र सोडायला माझी सही हवी होती.

माझ्याकडे सोळा होते. ती गेली की काठावरचे पंधरा. खोटं कशाला बोलू, पेन उघडून माझा हात थांबला. समोर बाकावर नीला मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या. याही वेळी त्या काही मागणार नव्हत्या.

मी सही केली. क्लार्कने फॉर्म घेतला, तेव्हा चारला तीन मिनिटं होती.

सोमवारी सरांनी डबा आवरायला घेतला तर आत एक नवी चिठ्ठी. टाइमटेबल लागल्यावर चिठ्ठी कोण टाकतं? त्यांनी ती मोठ्याने वाचली : 'शनिवारी लेक्चर नको. नीला.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग जे ओरडले, ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं. "टाइमटेबल आहे की हॉटेलचं मेनूकार्ड?"

नीला मॅडमवर ते बारा वर्षांत पहिल्यांदा ओरडत होते. त्या दारातच उभ्या होत्या.

"नको म्हणजे नको, सर," त्या म्हणाल्या.