हळदीत नाचलेला हेल्मेटवाला

मंडळी, माझं डोकं चालेनासं झालंय.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पनवेलच्याच कुठल्याशा गल्लीत हळदीचा डीजे वाजतोय. एक माणूस स्कूटर थांबवतो, हेल्मेटसकट बेभान नाचतो आणि निघून जातो. मी पोट धरून हसले आणि दिसेल त्या ग्रुपवर तो टाकला.

मघाशी जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "त्या हेल्मेटवाल्याला लोक काय म्हणतायत गं?"

माझी नजर त्यांच्या हेल्मेटवर गेली. मी चिकटवलेला पोपट! व्हिडिओतही तोच होता.

"बाबा, तुम्ही?"

"चेहरा दिसत नाही ना? मग राहू दे."

दादाच्या हळदीला सगळ्यांनी ओढलं, तरी हा माणूस खुर्चीतून हलला नव्हता! मग इतकी वर्षं मी बाबा म्हणतेय, ते नक्की कोणाला?